नियम बदलतात, तेव्हा दुबळ्यांचे काय?

कायदा सभागृहात चर्चेने होतो, नियम मात्र राजपत्रातून थेट अंगावर येतात. आदिवासी, अपंग, तृतीयपंथी आणि असंघटित कामगार यांचे भवितव्य ठरविणाऱ्या या प्रक्रियेला आपल्याकडे अजूनही कायद्याची चौकट नाही.

विशेष प्रतिनिधी

मुंबई : 'विहित केल्याप्रमाणे' हे दोन शब्द आपल्या जवळपास प्रत्येक कायद्यात आढळतात. अर्ज विहित नमुन्यात करावा, भरपाई विहित दराने मिळेल, समिती विहित पद्धतीने नेमली जाईल. संसदेत किंवा विधिमंडळात विधेयकावर जी खडाजंगी होते, तिच्यात या दोन शब्दांकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. ते विहित करण्याचे काम पुढे मंत्रालयातील एखाद्या कक्षात होते, राजपत्रात छापले जाते आणि मग तहसील कचेरीच्या खिडकीवर उभ्या असलेल्या माणसाला कळते, की आपल्याला हक्क देणाऱ्या कायद्याने त्याबरोबर एक अटही घातली आहे. सर्वसामान्य नागरिकाची कायद्याशी गाठ पडते ती बहुधा अशी, नियमांच्या रूपाने.

कायद्याच्या परिभाषेत याला दुय्यम विधान म्हणतात. दुय्यम हा शब्द फसवा आहे. कायद्यातील कलमे थोडी आणि नियम, अधिसूचना, परिपत्रके, कार्यालयीन ज्ञापने भारंभार, अशीच आज शासनव्यवहाराची स्थिती आहे. विधिमंडळाने आपले मूलभूत काम दुसऱ्याकडे सोपवता कामा नये, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९५१ च्या दिल्ली कायदेविषयक निर्णयातच मान्य केले. पण तपशील भरण्याचे अधिकार सरकारला देता येतात, हेही तेथेच मान्य झाले. तपशील कोठे संपतो आणि धोरण कोठे सुरू होते, हा वाद तेव्हापासून चालू आहे.

आज हा विषय पुन्हा ऐरणीवर येण्याचे कारण आहे. उद्योगसुलभतेच्या नावाखाली नियमनाचा भार कमी करण्याची मोहीम देशात जोरात आहे. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ४२ कायद्यांतील १८३ तरतुदींत बदल केले. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात बिगर-वित्तीय क्षेत्रातील नियम, परवाने आणि प्रमाणपत्रे यांचा फेरविचार करण्यासाठी उच्चस्तरीय समितीची घोषणा झाली. जुनाट अटी जाव्यात याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. छोट्या दुकानदारालाही परवानाराज नकोच असते. परंतु कारखानदाराला जो नियम जाच वाटतो, तोच त्या कारखान्यातील कामगाराचे किंवा शेजारच्या गावाचे संरक्षण असू शकतो. म्हणून नियम किती, याच्या जोडीला ते कोण, कसे आणि कोणाला विचारून बदलतो, हाही प्रश्न विचारावा लागतो.

तीस दिवसांचे धोरण

यासंबंधी केंद्र सरकारचे एक धोरण आहे. सचिवांच्या समितीने जानेवारी २०१४ मध्ये कायदेपूर्व विचारविनिमयाचे धोरण मंजूर केले आणि ५ फेब्रुवारी २०१४ रोजी ते सर्व मंत्रालयांना कळविण्यात आले. प्रस्तावित कायद्याचा मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवावा, सोबत साध्या भाषेतील टिपण असावे, पर्यावरण, मूलभूत हक्क आणि संबंधित लोकांचे जीवन व उपजीविका यांवर काय परिणाम होईल याचा अंदाज द्यावा, आलेल्या सूचनांचा गोषवारा संकेतस्थळावर प्रसिद्ध करावा, असे त्यात म्हटले आहे. ज्या घटकावर विशेष परिणाम होणार असेल, त्याच्यापर्यंत माहिती पोहोचेल अशा माध्यमांतून ती द्यावी, अशीही अपेक्षा आहे. दुय्यम विधानालाही हेच तत्त्व लावण्यास सांगितले आहे.

कागदावर यापेक्षा अधिक काय मागावे? अडचण एवढीच, की हे धोरण आहे, कायदा नव्हे. एखाद्या खात्याने ते पाळले नाही, तर कारणे नोंदवून ठेवली की काम भागते. नागरिकाला न्यायालयात जाऊन 'मला विचारले नाही, म्हणून हा नियम रद्द करा' असे केवळ या धोरणाच्या आधारे म्हणता येत नाही. १८९७ च्या सामान्य परिभाषा कायद्यात मसुद्याच्या पूर्वप्रसिद्धीची पद्धत सांगितली आहे. पण मूळ कायद्यात 'पूर्वप्रसिद्धीच्या अटीवर' असे शब्द असतील, तेव्हाच ती लागू होते. ते शब्द घालायचे की नाही, हे विधेयक लिहिणारा ठरवतो.

राहता राहिली संसदेची देखरेख. नियम सभागृहांच्या पटलावर तीस दिवस ठेवले जातात. दोन्ही सभागृहांच्या दुय्यम विधानविषयक समित्या ते तपासतात. पण पटलावर येईपर्यंत बहुतेक नियम अंमलात आलेले असतात, आणि हजारो पानांच्या त्या ढिगाऱ्यातून एखादा नियम रद्द करून घेण्याइतका वेळ आणि उत्साह खासदारांकडे क्वचितच असतो.

ज्या भाषेत प्रश्नच कळत नाही

या व्यवस्थेतील दोष २०२० मध्ये उघडे पडले. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यमापन अधिसूचनेच्या जागी नवी अधिसूचना आणण्याचा मसुदा केंद्राने मार्च २०२० मध्ये तयार केला आणि तो एप्रिलमध्ये राजपत्रात प्रसिद्ध झाला. देशात तेव्हा टाळेबंदी होती. टपाल कचेऱ्यांचे व्यवहार अर्धवट होते, ग्रामसभा भरत नव्हत्या. खाण, धरण, बंदर, महामार्ग अशा प्रकल्पांना मंजुरी कशी द्यायची हे ठरविणाऱ्या या मसुद्यात जनसुनावणीच्या सूचनेची मुदत ३० दिवसांवरून २० दिवसांवर आणण्याचा प्रस्ताव होता. परवानगीशिवाय सुरू झालेल्या प्रकल्पांना मागाहून मान्यता देण्याची वाटही होती.

आणि हा मसुदा होता इंग्रजी आणि हिंदीत. रायगडचा मच्छीमार, चंद्रपूरच्या खाणीलगतचा शेतकरी किंवा ओडिशातील आदिवासी यांनी तो वाचून हरकत नोंदवावी, अशी अपेक्षा होती. ३० जून २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढविली आणि मसुद्याचे भाषांतर घटनेच्या आठव्या परिशिष्टातील २२ भाषांत करण्याचा आदेश दिला. केंद्राने याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. राजभाषा कायद्यानुसार हिंदी व इंग्रजीत प्रसिद्धी पुरेशी आहे, असा सरकारचा युक्तिवाद होता. तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या खंडपीठाने हिंदी वा इंग्रजी न जाणणाऱ्या ग्रामीण जनतेचा प्रश्न उपस्थित केला आणि राजभाषा कायद्यात बदल करण्याचा विचार करावा, असे सरकारला सुचविले.

सरकारचा युक्तिवाद तांत्रिकदृष्ट्या चूक नव्हता, आणि चिंतेची बाब नेमकी तीच आहे. कायद्याप्रमाणे सारे यथासांग झाले असते, तरीही ज्याच्या उंबऱ्यापर्यंत खाण येणार, त्याला आपल्याला काही विचारले गेले आहे याची वार्ताही लागली नसती.

लाखो हरकती आल्या आणि तो मसुदा त्या स्वरूपात अंतिम झाला नाही. पण त्यातील आशय अन्य मार्गाने येत राहिला. मागाहून मान्यता देण्याची पद्धत मंत्रालयाच्या जुलै २०२१ च्या कार्यालयीन ज्ञापनाने रूढ झाली. अधिसूचनेच्या मसुद्यावर निदान हरकती तरी मागवाव्या लागतात, ज्ञापनाला तेही बंधन नाही. मुंबईच्या 'वनशक्ती' या संस्थेने या पद्धतीला आव्हान दिले. न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांच्या खंडपीठाने १६ मे २०२५ रोजी २०१७ ची अधिसूचना आणि २०२१ चे ज्ञापन दोन्ही रद्द ठरविले. सहाच महिन्यांनी, १८ नोव्हेंबर २०२५ रोजी, सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो निर्णय बहुमताने मागे घेतला. न्या. भुयान यांनी स्वतंत्र मतपत्रिका लिहून असहमती नोंदविली. सार्वजनिक पैशातून उभे राहिलेले प्रकल्प पाडावे लागतील, ही बहुमताची एक चिंता होती. ती अनाठायी नाही. परंतु प्रकल्प उभा राहिल्यावरच हा प्रश्न न्यायालयासमोर येतो, याचे मूळ नियम बनविण्याच्या पद्धतीत आहे.

संमती आधी की मंजुरी आधी?

एखादा हक्क काढून न घेताही निष्प्रभ कसा होतो, याचे उदाहरण वनविषयक नियमांत सापडते. २००६ च्या वनहक्क कायद्याने पिढ्यानपिढ्या जंगलात राहणाऱ्यांचे वैयक्तिक आणि सामूहिक हक्क मान्य केले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हा देशभर त्याचा गाजावाजा झाला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने परिपत्रक काढले, की वनजमीन अन्य कामासाठी वळविताना वनहक्कांची प्रक्रिया पूर्ण झाल्याचा आणि ग्रामसभेच्या संमतीचा पुरावा प्रस्तावासोबत असला पाहिजे. २०१३ मध्ये नियमगिरीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभेचे स्थान आणखी पक्के केले. त्यानंतर डोंगरातील बाराही ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला आणि खाण झाली नाही.

२८ जून २०२२ रोजी वनसंवर्धनाचे नवे नियम अधिसूचित झाले. त्यांनी ग्रामसभेचा अधिकार रद्द केला नाही. वनहक्क कायद्याच्या पूर्ततेची जबाबदारी राज्य सरकारवर टाकली. केंद्राची अंतिम मंजुरी मिळाल्यानंतर, जमीन वळविण्याचा आदेश काढण्यापूर्वी, राज्याने ती पूर्तता करून घ्यावी, असा क्रम ठरला. बदल झाला तो केवळ क्रमाचा. पण केंद्राची मंजुरी हाती आहे, कंपनीने पैसे भरले आहेत, पालकमंत्र्यांनी रोजगाराची घोषणा केली आहे, अशा वेळी ग्रामसभेसमोर येणारा ठराव आणि काहीच ठरलेले नसताना येणारा ठराव यांत फरक असतो, हे ग्रामीण राजकारण जवळून पाहिलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष हर्ष चौहान यांनी या नियमांवर लेखी आक्षेप घेतला. वनहक्क कायदा स्वतंत्र आहे, त्याला नियमांनी कोठेही धक्का लागत नाही, प्रक्रिया केवळ सुटसुटीत केली आहे, अशी केंद्राची भूमिका होती. घटनेच्या ३३८-अ कलमानुसार जमातींवर परिणाम करणाऱ्या महत्त्वाच्या धोरणविषयक बाबींत सरकारने या आयोगाशी विचारविनिमय करणे अपेक्षित आहे. एका घटनात्मक संस्थेला नियम झाल्यानंतर पत्र लिहून आक्षेप घ्यावा लागतो, तेथे एखाद्या पाड्यावरच्या माणसाचे म्हणणे कोठे पोहोचणार?

अधिसूचनेची एक ओळ

कामगारांच्या बाबतीतही कायद्याच्या संरक्षणाला अधिसूचना पुरून उरते. कारखाने कायद्यात 'सार्वजनिक आणीबाणी'च्या वेळी काही तरतुदींतून सूट देण्याचा अधिकार राज्यांना होता. १७ एप्रिल २०२० रोजी गुजरात सरकारने त्याचा आधार घेऊन कारखान्यांत बारा तासांची पाळी करण्यास मुभा दिली आणि जादा कामाचा दुप्पट दर देण्याचे बंधन काढले. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही अधिसूचना रद्द केली. साथीमुळे आलेली आर्थिक मंदी ही त्या कायद्याच्या अर्थाने देशाच्या सुरक्षेला धोका ठरणारी आणीबाणी नव्हे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. कामगारांना न्याय मिळाला, पण साडेपाच महिन्यांनी. दरम्यान त्यांनी ओढलेल्या पाळ्या त्यांनी ओढल्याच.

त्याच सप्टेंबरमध्ये संसदेने तीन कामगार संहिता मंजूर केल्या. विरोधकांचा बहुतांशी बहिष्कार होता. २०१९ ची वेतन संहिता धरून या चार संहितांनी २९ कायद्यांची जागा घेतली आणि २१ नोव्हेंबर २०२५ रोजी त्या लागू झाल्या. त्यांत चांगलेही आहे. ऑनलाइन मंचांवर काम करणाऱ्या कामगारांना सामाजिक सुरक्षेच्या कक्षेत प्रथमच स्थान मिळाले, नियुक्तिपत्र देणे बंधनकारक झाले. पण मर्यादा सरकल्या. कंत्राटी कामगारांविषयीच्या केंद्रीय कायद्याची २० कामगारांची मर्यादा ५० झाली. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी ती पाचाची दहा झाली. नव्या कारखान्यांना अधिसूचनेद्वारे सूट देण्याचा अधिकार सरकारांकडे आला. किमान वेतनाचे निकष, सुरक्षेची मानके, कल्याण निधीची रचना अशा असंख्य बाबी नियमांवर सोपविण्यात आल्या.

पूर्वी अशा बाबींवर सरकार, मालक आणि कामगार संघटना यांच्यात चर्चा होण्याचे व्यासपीठ भारतीय श्रम परिषद हे होते. तिचे ४६ वे अधिवेशन जुलै २०१५ मध्ये झाले. त्यानंतर संहिता संमत होऊन लागू होईपर्यंत ती एकदाही भरली नाही. ८ मे २०२० रोजी औरंगाबादजवळ करमाड येथे रुळांवर झोपी गेलेले सोळा स्थलांतरित मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. त्या घटनेने महाराष्ट्र सुन्न झाला होता. पुढे चारच महिन्यांत, स्थलांतरित मजुरांसाठीचा १९७९ चा स्वतंत्र कायदा नव्या संहितेत विलीन करताना, त्या मजुरांच्या वतीने बोलणारे कोणी चर्चेत नव्हते. टाळेबंदीत किती स्थलांतरितांचा मृत्यू झाला याची आकडेवारी नाही, असे उत्तर सरकारने त्याच अधिवेशनात दिले होते.

नियमाचे आणखी एक नवे रूप म्हणजे मोबाइलवरील अॅप. रोजगार हमी ही कल्पना महाराष्ट्राने देशाला दिली. वि. स. पागे यांच्या विचारांतून ती येथे रुजली आणि २००५ मध्ये राष्ट्रीय कायदा झाला. त्या कायद्याने कामाचा हक्क दिला होता. १ जानेवारी २०२३ पासून कामावरील हजेरी अॅपवर, दिवसातून दोनदा छायाचित्र काढून नोंदविणे सक्तीचे झाले. १ जानेवारी २०२४ पासून मजुरीसाठी आधारजोडणीवर आधारित देयकपद्धती अनिवार्य झाली. कायद्यात यासाठी कोणतीही दुरुस्ती झाली नव्हती. मंत्रालयाचे निर्देश पुरेसे ठरले. खोट्या हजेरीला आळा घालणे हा हेतू रास्त होता. पण डोंगराआड जेथे मोबाइलची रेंज नाही, तेथे दिवसभर माती उपसलेल्या बाईची हजेरी लागली नाही, तर तिने दाद कोणाकडे मागायची, याचे उत्तर अॅपमध्ये नव्हते. योजनेच्या कामातील निम्म्याहून अधिक मनुष्यदिवस स्त्रियांचे होते, हे लक्षात घेतले की या प्रश्नाचे गांभीर्य कळते. डिसेंबर २०२५ मध्ये तर संसदेने या योजनेच्या जागी नवा कायदाच मंजूर केला, तोही विधेयक मांडल्यापासून तीन दिवसांत.

विचारले, तेव्हा फरक पडला

विचारविनिमय हा केवळ उपचार आहे, त्याने काही बदलत नाही, असे म्हणणाऱ्यांनी तृतीयपंथी व्यक्तींच्या नियमांकडे पाहावे. २०१९ च्या कायद्याखालील नियमांचा पहिला मसुदाही एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीतच आला. हरकतींसाठी सुरुवातीला दिलेली मुदत दोन आठवड्यांहूनही कमी होती. संघटनांनी ओरड केल्यावर ती वाढली. ओळखपत्रासाठी मानसशास्त्रज्ञाचा अहवाल जोडण्याची अट त्या मसुद्यात होती. आपण कोण आहोत हे सांगायला दुसऱ्याचा दाखला कशाला, हा समाजाचा सवाल होता. सप्टेंबर २०२० मध्ये अंतिम झालेल्या नियमांत वैद्यकीय तपासणीशिवाय प्रतिज्ञापत्राच्या आधारे प्रमाणपत्र देण्याची तरतूद झाली. त्या कायद्याबद्दलचे सारे आक्षेप काही त्यामुळे मिटले नाहीत. पण संबंधितांना वेळ आणि वाट मिळाली तर नियम सुधारतो, एवढे त्यातून सिद्ध झाले.

उलट बाजू अपंगांच्या नियमांत दिसली. २०१६ च्या कायद्याने इमारती, वाहतूक, माहिती यांत सुगम्यता बंधनकारक केली. २०१७ च्या नियमांतील पंधराव्या नियमाने मात्र ती केवळ मार्गदर्शक सूचनांच्या पातळीवर आणून ठेवली. कायदा म्हणतो 'केलेच पाहिजे', नियम म्हणतो 'करावे'. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी, राजीव रतुरी यांच्या याचिकेवर, तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने हा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरविला आणि तीन महिन्यांत बंधनकारक नियम करण्यास सांगितले. कायदा आणि त्याचा नियम यांतील ही तफावत सात वर्षे टिकली. ती दूर करण्यासाठी एका दृष्टिहीन नागरिकाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

गुंतवणूकदाराला एक न्याय

विशेष म्हणजे, नियम बनविण्याची चांगली पद्धत आपल्याला ठाऊक नाही, असे नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणावर पारदर्शकतेचे बंधन त्याच्या कायद्यातच आहे. कॉल ड्रॉपच्या भरपाईविषयीचा नियम रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये, सर्वच दुय्यम विधानासाठी पूर्वसूचना आणि हरकतींची पद्धत घालून देणारा कायदा संसदेने करावा, अशी अपेक्षा व्यक्त केली होती. न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखालील वित्तीय क्षेत्र सुधारणा आयोगाने २०१३ मध्येच नियामकांसाठी अशी शिस्त सुचविली होती. त्या दिशेने पावलेही पडली. 'सेबी'ने २०२५ मध्ये नियम करण्याची कार्यपद्धती निश्चित केली. रिझर्व्ह बँकेने ७ मे २०२५ रोजी जाहीर केलेल्या चौकटीत मसुद्यावर किमान २१ दिवस सूचना मागविणे, परिणामांचे विश्लेषण करणे आणि आलेल्या सूचनांवर उत्तर देणे अंतर्भूत आहे.

म्हणजे शेअर बाजारात पैसे गुंतविणाऱ्याला, बँकेला आणि दूरसंचार कंपनीला नियम बदलण्यापूर्वी विचारले जाण्याची लेखी हमी आहे. वनजमिनीवर जगणाऱ्याला, बिगारी कामगाराला, अपंगाला ती नाही. ज्याच्याकडे वकील आहे, संघटना आहे, दिल्लीत कार्यालय आहे, त्याला ही संधी मिळते, आणि ज्याला तिची सर्वाधिक गरज आहे, तो धोरणाच्या भरवशावर राहतो.

परदेशांतही चित्र सरसकट आशादायक नाही. अमेरिकेत १९४६ पासून नियमांआधी सूचना व हरकती यांची पद्धत कायद्याने आहे, पण अनुदाने आणि लाभ यांविषयीचे नियम तीतून वगळलेले होते. १९७१ मध्ये तेथील आरोग्य व कल्याण खात्याने ही सवलत आपण होऊन सोडली. गरिबांच्या लाभांचे नियमही लोकांना विचारूनच करू, असे ठरविले. मार्च २०२५ मध्ये त्या खात्याच्या वारसाने हा चोपन्न वर्षांचा शिरस्ता मोडीत काढला. कायद्यात नसलेले संरक्षण एका फटक्यात कसे जाते, याचे हे ठळक उदाहरण. दक्षिण आफ्रिकेने दुसरा मार्ग धरला. तेथील घटनेत लोकसहभाग हे विधिमंडळाचे कर्तव्य आहे. २०१६ मध्ये तेथील घटनापीठाने जमीन परत मिळविण्याविषयीचा कायदा, सुनावण्या घाईघाईत उरकल्या गेल्या एवढ्याच कारणावरून अवैध ठरविला.

काय करता येईल?

विचारविनिमयाने निर्णय रखडतात, हा प्रशासनाचा आक्षेप खोटा नाही. पूर, साथ, युद्ध अशा प्रसंगी तीस दिवस थांबता येत नाही. संघटित हितसंबंधच हरकतींचा पाऊस पाडतात आणि सामान्यांचा आवाज त्यात बुडतो, हेही खरे आहे. पण या दोन्ही अडचणींवर उपाय आहेत. आणीबाणीत केलेला नियम ठरावीक मुदतीनंतर आपोआप संपावा आणि पुढे चालू ठेवायचा तर रीतसर प्रक्रिया करावी. आणि दुर्बलांचा आवाज बुडू नये, यासाठी त्यांनी संकेतस्थळावर येण्याची वाट न पाहता प्रशासनाने त्यांच्यापर्यंत जावे.

त्याचा एक नमुना आपल्याच कायद्यात आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडून दिलेले असावेत आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे सांगितले. अंमलबजावणीत महापालिकांनी किती चालढकल केली, हा स्वतंत्र विषय आहे. पण ज्याच्या पोटावर निर्णय होणार, तो बैठकीत बसलेला असावा, हे तत्त्व त्यात आहे.

त्यामुळे मागण्या फार मोठ्या नाहीत. २०१४ च्या धोरणाला कायद्याचा दर्जा द्यावा. मसुदा बाधित लोकांच्या भाषेत असावा. दुर्बल घटकांवर काय परिणाम होईल, याचे टिपण प्रत्येक नियमाला जोडलेले असावे. आलेल्या सूचना आणि त्यांवरील उत्तरे प्रसिद्ध व्हावीत. वैयक्तिक विदा संरक्षणाच्या नियमांवर २०२५ च्या आरंभी सूचना मागविताना त्या उघड केल्या जाणार नाहीत असे सरकारने सांगितले होते, त्या वळणाने जाऊ नये. हक्कांना बाध आणणारी गोष्ट परिपत्रक, ज्ञापन किंवा अॅप यांच्या आडून येऊ नये. आदिवासी, अपंग, महिला यांच्यासाठीच्या आयोगांचे मत नियम होण्यापूर्वी घ्यावे.

महाराष्ट्राला यासाठी दिल्लीकडे पाहत बसण्याचे कारण नाही. राज्याची राजभाषा मराठी आहे, येथे भाषेची सबब चालणार नाही. माहितीच्या अधिकाराचा कायदा देशाच्या आधी करणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र होता, रोजगार हमीही येथूनच गेली. कामगार संहितांखालील राज्याचे नियम, पेसा क्षेत्रातील कार्यपद्धती, फेरीवाल्यांच्या योजना या सर्वांना राज्याला स्वतःची शिस्त लावता येईल. विधिमंडळात एखादे विधेयक आले की आमदार पहिल्यांदा विचारतात, यात माझ्या मतदारसंघाला काय? त्यांनी यापुढे आणखी एक प्रश्न विचारावा : या विधेयकात 'विहित' हा शब्द किती वेळा आला आहे, आणि ते विहित करताना कोणाला विचारले जाणार आहे? त्या प्रश्नाचे उत्तर विधेयकातच लिहून घेतले, तर तहसील कचेरीच्या खिडकीवर उभ्या असलेल्या माणसाला पुढे न्यायालयाचे दार ठोठवावे लागणार नाही.